"कटिंग मिळतं का?"

पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, प्रवेशाचे दिवस आले की परळ, सायन, भायखळा, मुंबई सेंट्रल इथल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या हॉस्टेलांत फोन वाजू लागतात. सर्जरी घेऊ पाहणारी मुलं खोलीची, स्टायपेंडची चौकशी करतातच, पण खरा प्रश्न असतो, "युनिटमध्ये कटिंग मिळतं का?" कटिंग म्हणजे स्वतःच्या हातानं केलेली शस्त्रक्रिया. (मुंबईत अर्ध्या चहालाही कटिंगच म्हणतात, आणि पहिल्या वर्षी बहुतेकांच्या वाट्याला तेवढंच येतं.)

या प्रश्नाचं मूळ बाल्टिमोरमध्ये आहे. तिथलं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झालं आणि विल्यम हॉलस्टेड यांनी तिथे शल्यचिकित्सेच्या शिक्षणाला रेसिडेन्सीचं रूप दिलं. शिकणाऱ्यानं रुग्णालयातच राहायचं, म्हणून तो रेसिडेंट. जबाबदारी पायरीपायरीनं वाढायची. हॉलस्टेडच्या पद्धतीत किती वर्षं लागतील याचा नेम नसे आणि वरच्या पायरीवर मोजकेच पोचत. तरी 'आधी बघ, मग कर' हा वायदा मात्र जगभर टिकला.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचं. पण वरच्या जागा बराच काळ इंग्रज अधिकाऱ्यांकडे होत्या. १९२६ मध्ये परळला के. ई. एम. रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं ते शिक्षक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीवर. पुढे शहराची घडी बसली ती मानद सर्जनांवर: रुग्णालयात बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर काम, आणि स्वतःची प्रॅक्टिस बाहेर. माझ्या मते मुंबईच्या रेसिडेंटचा स्वभाव इथेच घडला. सर निघून गेल्यावर रात्रीचा वॉर्ड आणि इमर्जन्सीचं ऑपरेशन थिएटर रजिस्ट्रारच्या, म्हणजे रेसिडेंटच्याच, हाती. हात लवकर बसायचा, पण चूक झाली तर पाठीशी कोण, हे त्या रात्रीच्या नशिबावर.

मग ३१ मे १९९० रोजी जे. जे.मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतात पहिल्यांदाच. रुग्णांचं भलं झालं, शिकणाऱ्यांचं गणित बदललं. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत समोर उभा असलेल्या ज्युनिअरच्या हातात सर मध्येच कात्री देऊ शकत. दुर्बिणीत आतलं दृश्य पडद्यावर सगळ्यांना दिसतं, पण ज्युनिअरच्या हाती बहुधा कॅमेरा येतो. त्यातच ॲसिडिटीवरच्या नव्या औषधांनी अल्सरच्या शस्त्रक्रिया जवळपास संपवल्या. रेसिडेंटच्या हक्काच्या म्हणाव्यात अशा उरल्या हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स आणि रात्री येणारे अपघात.

कामाच्या तासांचा वाद वेगळ्या वाटेनं आला. न्यूयॉर्कमध्ये १९८४ मध्ये झालेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर चौकशी झाली आणि १९८९ मध्ये तिथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागली. ती २००३ मध्ये अमेरिकाभर झाली. आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी सहसा १२ तासांपलीकडे जाऊ नये, असं लिहिलेलं आहे. इमर्जन्सीची ड्युटी आणि तिच्या दुसऱ्या दिवसाचं काम जोडून काढलेल्या कुणालाही हे वाक्य वाचून हसू येईल. रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या, मार्डच्या, मागण्यांत कामाचे तास, हॉस्टेल आणि सुरक्षा पुन्हापुन्हा येतात त्या उगाच नव्हे.

आणि तरीही तास हा रेसिडेंटच्या समाधानाचा गाभा नसावा. अमेरिकेत ११७ सर्जरी कार्यक्रमांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तासांचे नियम काही ठिकाणी सैल ठेवले, काही ठिकाणी कडक. शिक्षणाच्या एकूण दर्जाबद्दल रेसिडेंटांच्या समाधानात लक्षणीय फरक निघाला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच सर्वेक्षणात ७,४०९ रेसिडेंट होते. स्त्रियांमध्ये थकून कोलमडण्याचं प्रमाण जास्त होतं; पण भेदभाव, छळ, अपमानास्पद वागणूक हिशेबात धरली तेव्हा तो फरक उरला नाही. राऊंडवर सगळ्यांदेखत फाइल भिरकावली जाणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच हॉस्टेलवरच्या फोनवर दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून येतो: "बॉस कसे आहेत?"

आता एमएसच्या, म्हणजे सर्जरीच्या पीजीच्या, ३ वर्षांत ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. मुंबई सोडायची म्हणून सुरुवातीला कुरकुर होते. पण तिथे एका हर्नियामागे चार ज्युनिअर उभे नसतात. पाठीशी सर्जन उभा राहिला तर परत येताना लॉगबुकात, म्हणजे शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत, 'सहायक'च्या जागी 'स्वतः केली' अशा नोंदी वाढलेल्या असतात.