दिवसा शिकार करणारा सातपुड्यातला पिंगळा

उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी आणि मधे सातपुडा. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. या दोघी मात्र पश्चिमेला वळतात, कारण त्या खचदऱ्यांतून वाहतात. दोन्हीकडची जमीन खचली, मधला भाग उंच राहिला. अशा डोंगराला गट पर्वत म्हणतात. सर्वांत उंच शिखर पचमढीजवळचं धूपगड, सुमारे १३५० मीटर.

याच रांगेत मेळघाट आहे, १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. पेंच, सातपुडा राष्ट्रीय उद्यान, यावल अभयारण्यही इथलंच. तिथल्या वाघांबद्दल भरपूर लिहून येतं. मला सांगायचंय ते रानपिंगळ्याबद्दल, एका छोट्या घुबडाबद्दल.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडेना. संग्रहालयांत जेमतेम सात नमुने होते. त्यातल्या एकावर '१९१४, मांडवी, गुजरात' अशी नोंद होती आणि शोधणारे तिकडेच हिंडत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की जुनाच चोरीचा नमुना नव्याने भरून ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनरट्झहागेन यांनी त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी नोंद बाजूला सारून त्या सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! एका चिठ्ठीने केवढं नुकसान केलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ साधं. छातीवर तपकिरी पट्टा, खाली पांढरंशुभ्र पोट, आणि भक्कम पायांवर दाट पांढरी पिसं. भर दिवसा उघड्या फांदीवर बसून तो शेपटी झटकतो आणि खालचे सरडे, उंदीर टिपतो. त्यासाठी त्याला विरळ, मोकळं सागाचं रान लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. नेमकं असं रान शेतीसाठी लवकर तुटतं आणि म्हातारं झाड सरपणात जातं. अभयारण्याच्या हद्दीबाहेर तर त्याला राखणारं कुणी नसतं.

मेळघाटात तो पुढे चांगला आढळला. आणि २०१४ साली दिसला थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात, सातपुड्यापासून कितीतरी दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी.