थांबण्याचा हिशेब

राजापूर, देवगड, गुहागर या पट्ट्यात कुणाच्याही पडवीत तासभर बसलात, तर एक तरी अडकून पडलेला निर्णय कानावर येतो. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत कलमं लावायची, की प्रकल्पात जाणार म्हणून तशीच ठेवायची? मुंबईतली नोकरी सोडून गावी यायचं, की अजून दोन वर्षं काढायची? मुलाचं लग्न आत्ता उरकायचं, की आखातातल्या नोकरीचं नक्की झाल्यावर? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "गणपती जांवदेत, मगे बघुया." गणपतीनंतर निवडणूक येते, निवडणुकीनंतर अर्थसंकल्प, मग शिमगा.

शहाणी माणसं याला आळस म्हणून मोकळी होतात. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र मात्र गेली चाळीसेक वर्षं या थांबण्याकडे गंभीरपणे बघत आलं आहे. त्यातून निघालेलं उत्तर थोडं अडचणीचं आहे. थांबणं कधी चोख हिशेबाचं असतं, कधी निव्वळ धास्तीचं, आणि आतून दोन्ही अगदी सारखीच वाटतात.

आधी हिशेब करू. समजा, खाडीकाठच्या गावात एका कुटुंबाला घरामागे चार खोल्या बांधून पर्यटकांसाठी निवास-न्याहारीची सोय करायची आहे. खर्च 10 लाख. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग गावाजवळून गेला, तर या खोल्या पुढच्या वर्षांत सगळे खर्च वजा जाता 16 लाख मिळवून देतील. रस्ता दुसऱ्याच वाटेने गेला, तर जेमतेम 6 लाख. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरू. सरासरी 11 लाख येते, म्हणजे आज बांधकाम काढलं तरी सरासरीने 1 लाखाचा फायदा. मग वाट कसली बघायची?

पण हेच कुटुंब वर्षभर थांबलं आणि तोवर रस्त्याची आखणी कळली तर? रस्ता जवळून गेला की बांधायचं, फायदा 6 लाख. लांबून गेला की बांधायचंच नाही, फायदा शून्य आणि तोटाही शून्य. सरासरी 3 लाख. म्हणजे नुसतं थांबण्याची किंमत 2 लाख झाली. हुकलेल्या एका हंगामाची कमाई त्याहून कमी असेल, तर थांबणारा शहाणा ठरतो. हे सगळं घडतं ते एका गोष्टीमुळे: चिरा, सिमेंट, गवंड्याची मजुरी यांत गेलेले पैसे परत येत नाहीत. खोल्या मोडून दहा लाख परत मिळाले असते, तर थांबण्यात काहीच अर्थ नव्हता.

आता आकड्यांशी जरा खेळा. चांगल्या बाजूचे 16 लाख वाढवून 20 करा. आज बांधल्यास सरासरी फायदा 3 लाख, थांबल्यास 5 लाख. फरक पुन्हा 2 लाखच. उलट 16 तसेच ठेवा आणि वाईट बाजू 6 वरून 4 वर आणा. आज बांधल्यास फायदा शून्य, थांबल्यास 3 लाख. फरक वाढून 3 लाख झाला. थोडक्यात, चांगली बातमी किती चांगली आहे याने थांबण्याच्या किमतीत काडीचा फरक पडत नाही, वाईट किती वाईट आहे यावरच ती ठरते. बेन बर्नान्की यांनी 1983 मध्ये हे तत्त्व मांडलं. पुढे ते अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले आणि 2022 मध्ये त्यांना बँकांवरच्या दुसऱ्याच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. याच विषयाचं सविस्तर गणित 1994 मध्ये अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांनी ग्रंथरूपाने बांधलं. दीक्षित मूळचे मुंबईचे, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

या हिशेबात एक अट गुपचूप शिरली आहे. "तोवर आखणी कळली तर", असं आपण सहज म्हणून गेलो. वर्षाने काहीच कळलं नाही, तर? मग एक हंगाम गेला आणि हातात कालचंच अज्ञान उरलं. थांबण्याला मोल येतं ते थांबण्याच्या शेवटी मिळणाऱ्या माहितीमुळे.

आपल्या किनाऱ्याला दोन्ही प्रकारचं थांबणं चांगलं परिचयाचं आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत नौका किनाऱ्याला लागतात, जाळ्यांची डागडुजी होते, इंजिनं खोलली जातात, खलाशी आपापल्या गावी जातात. दोन महिने उत्पन्न नाही, पण कर्जाचा हप्ता, किराणा, पुढच्या हंगामाचा बर्फ आणि डिझेल या सगळ्याचं गणित आधीच मांडता येतं. कारण बंदी संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात असते.

प्रकल्पांचं तसं नाही. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार 1993 मध्ये झाला, 1995 मध्ये रद्द झाला, 1996 मध्ये नव्या अटींवर पुन्हा झाला. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रकल्पामागची एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. जैतापूरला 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांच्या, म्हणजे 9,900 मेगावॅटच्या प्रकल्पाचा प्राथमिक करार 2010 मध्ये झाला. अणुभट्ट्या अजून कागदावरच आहेत. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी 2017 मध्ये अधिसूचना निघाली, मार्च 2019 मध्ये ती रद्द झाली, आणि काही वर्षांत बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. प्रकल्प हवा की नको, हा वेगळा वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण बाजूने असो वा विरोधात, त्या पट्ट्यातल्या माणसाला कलमासाठी खड्डा खणताना आणखी दहा वर्षांनी हा कातळ कुणाचा असेल ते सांगता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. ते पूर्ण होण्याच्या तारखा मोजायच्या झाल्या, तर स्वतंत्र वही लागेल.

याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत कडू उदाहरण गिरणी संपाचं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतले कितीतरी रत्नागिरी-सिंधुदुर्गचे. संप मिटेपर्यंत शेतीभाती बघू म्हणून पुष्कळजण गावी आले. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. ज्याच्या शेवटाची तारीखच लागली नाही, त्याची वाट बघण्यात माणसाने कुठवर हिशेब करायचा?

इथे हिशेब थांबतो आणि शरीर बोलायला लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जणांना संगणकावर दगड उलटायला लावले. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका. कुठल्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे प्रमाण मधूनमधून बदलत राहायचं. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण नोंदवला. सर्वाधिक ताण कधी आला? झटका बसणार हे जवळजवळ नक्की असताना नव्हे. शक्यता 50 टक्क्यांच्या आसपास असताना. ठरलेल्या झटक्यापेक्षा बसेल-न बसेल अशा झटक्याने माणूस जास्त घामाघूम झाला. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वर-खाली होत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर आले, हा त्यातला दुसरा निष्कर्ष. म्हणजे ही धाकधूक अगदीच फुकट जात नाही. मेंदू तिच्यातूनही शिकत असतो.

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने 1921 मध्येच जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला होता. जोखमीत काय घडेल ते ठाऊक नसतं, पण शक्यता किती ते ठाऊक असतं. अनिश्चिततेत शक्यताही ठाऊक नसतात. मृगाचा पाऊस लांबणं ही जोखीम आहे. ती पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडली आहे आणि शेतकरी तिच्यासकट पेरणी करतो. मंत्रालयात कुठल्या फाइलवर कधी सही होईल, ही अनिश्चितता. डॅनियल एल्सबर्ग यांनी 1961 मध्ये दाखवून दिलं की शक्यता माहीत नसलेल्या पैजेपासून माणसं लांब पळतात, मग ती पैज वाईट असल्याचा काही पुरावा असो वा नसो. व्हिएतनाम युद्धाची गोपनीय कागदपत्रं 1971 मध्ये उघड करणारे एल्सबर्ग ते हेच.

गंमत पुढेच आहे. 1992 मध्ये अमोस ट्वर्स्की आणि एल्डार शाफिर यांनी विद्यार्थ्यांना एक प्रसंग रंगवून सांगितला. अवघड परीक्षा झाली आहे आणि हवाई बेटांची स्वस्तातली सहल उद्यापर्यंतच नक्की करायची आहे. पास झालात असं समजा, असं ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी 54 टक्के म्हणाले, सहल घेतो. नापास झालात असं समजा, म्हटल्यावर 57 टक्के म्हणाले, घेतो. एकाला आनंद साजरा करायचा होता, दुसऱ्याला मन रमवायचं होतं. तिसऱ्या गटाला सांगितलं की निकाल परवा आहे. त्यातल्या फक्त 32 टक्क्यांनी सहल घेतली. 61 टक्के जण तर 5 डॉलर जादा भरून निर्णय परवावर ढकलायला तयार झाले. हे 5 डॉलर परत मिळणार नव्हते. निकाल काहीही लागला तरी बहुतेकांनी सहल घेतलीच असती. तरीही निकालासाठी थांबायला त्यांनी पैसे मोजले.

"निवडणूक होऊ दे" यातलं किती थांबणं या जातीचं असतं? गळक्या घराचे वासे बदलायचे आहेत. सरकार कुणाचंही आलं तरी बदलावे लागणारच. मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. अमेरिकेने आयात शुल्क किती लावलं याने तिच्या कॉलेजची फी बदलत नाही. पण हवा गढूळ असली की सगळेच निर्णय एकदम थिजतात, ज्यांचा त्या हवेशी काही संबंध नाही तेही.

आणि थांबण्याचंही भाडं चालू असतं. हापूसचं कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरू लागतं, भरात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. पन्नाशीच्या माणसाने पाच वर्षं "बघू" म्हटलं, तर बाग भरात येईल तेव्हा तो सत्तरीत असतो आणि झाडावर चढणारं माणूस शोधत असतो. माणसांच्या बाबतीत याचा सर्वांत मोठा दाखला पूर्व जर्मनीचा. बर्लिनची भिंत पडल्यावर स्वातंत्र्य आलं, पण नोकऱ्या, घरभाडं, पाळणाघरं सगळं एका फटक्यात अनिश्चित झालं. त्या भागात 1990 मध्ये सुमारे 1 लाख 78 हजार बाळं जन्मली, 1994 मध्ये सुमारे 79 हजार. चार वर्षांत निम्म्याहून कमी. पुढे काही जोडप्यांनी उशिरा का होईना मुलं होऊ दिली, आकडा हळूहळू सावरला. पण पुढे ढकललेलं सगळंच काही परत येत नाही.

मग कोंडी फोडायची कशी? आपल्याकडे यावर जुना उपाय आहे, कौल. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून ते सगळे श्वास रोखून बघतात आणि विषय मिटतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी नकळत याचाच प्रयोग केला. नोकरी सोडावी का, नातं तोडावं का, अशा पेचात अडकलेल्यांसाठी त्यांनी इंटरनेटवर नाणेफेकीची सोय केली. 20 हजारांहून अधिक नाणी उडवली गेली. मोठ्या निर्णयांत ज्यांनी नाण्याचं ऐकून बदल केला, ते सहा महिन्यांनी बदल न करणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त समाधानी असल्याचं त्यांनीच सांगितलं. हे सगळे आधीच काठावर उभे असलेले लोक होते. आणि आपण समाधानी आहोत हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं, त्यामुळे हे संशोधन वाचून उद्या कुणी राजीनामा द्यायला जाऊ नये. तरी निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे: अनेक दिवस दोन्ही पारडी सारखी वाटत असतील, तर माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त थांबलेला असतो.

बर्नान्कींचं तत्त्व व्यक्तीपेक्षा सरकारला जास्त लागू पडतं, असं मला वाटतं. कोकणात येणारा प्रत्येक प्रकल्प रोजगाराचे आकडे घेऊन येतो. ही चांगली बाजू कितीही फुगवली तरी, वरच्या गणितात दिसलं तसं, थांबलेला माणूस हलत नाही. तो हलतो ते वाईट बाजू आवरली की. 1990 च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड आली. कलमं, खड्डे, खत, मजुरी यांचा मोठा भार शासनाने उचलला. आंब्याला भाव किती मिळेल याची हमी कुणीच दिली नव्हती. कलमं मेली तर शेतकरी बुडणार नाही, एवढीच सोय होती. तेवढ्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नुसतं गवत उगवणाऱ्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची कलमं त्यासाठी तयारच होती.

तारखेची सोयही अशीच करता येते. 2013 च्या भूसंपादन कायद्यात, संपादनाची घोषणा प्रसिद्ध झाल्यापासून 12 महिन्यांत मोबदल्याचा निवाडा झाला नाही तर सगळी कार्यवाही रद्द होते, असं कलम आहे. सरकारला मुदतवाढ घेता येते हे खरं, पण निदान घड्याळ तरी चालू होतं. कायद्यातली प्रक्रिया सुरू होण्याआधीचं सर्वेक्षण, बैठका आणि सात-आठ वर्षं नकाशावर "प्रस्तावित" म्हणून रंगवलेला पट्टा, यांच्यासाठी मात्र कायद्यात असं घड्याळ नाही.