बेळगावच्या उमेदवाराचे जुने निवडणूक कागद पाहायचेत? अर्ज कुठे आणि कसा करायचा

1996 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार होते. सीमाप्रश्न दिल्लीला ऐकू जावा म्हणून गावोगावच्या मराठी माणसांनी अर्ज भरले. खानापूर तालुक्यातले माझे काका त्यांतलेच एक. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अनामत भरल्याची 500 रुपयांची पावती आहे, घडीवर विरलेली. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत 10,000 रुपये झाली. आता घरातली मुलं विचारतात, बाकीचे कागद कुठे असतील?

आधी कागद सरकारी की खासगी ते ठरवा. निम्मी पायपीट इथेच वाचते.

उमेदवारी अर्ज आणि खर्चाचा हिशेब हे सरकारी कागद. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि नियमाप्रमाणे तो कुणालाही एक रुपया शुल्क भरून पाहता येतो. मात्र कागद ठरावीक मुदतीपर्यंतच ठेवतात. मतपत्रिका तर नष्टच करतात, त्यांच्या मागे लागू नका. मालमत्ता आणि गुन्ह्यांची शपथपत्रं 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आली, म्हणून 1996 ची मिळणार नाहीत.

कागद शिल्लक आहेत का, हे माहिती अधिकारात विचारा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. आपल्याला टोचणारी गोष्ट म्हणजे कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असंच म्हटलं आहे. म्हणजे बेळगावात मराठी अर्ज अडू शकतो. भांडण वेगळं लढू. कागद हवा असेल तर हिंदीत लिहा. मतदारसंघ, वर्ष आणि उमेदवाराचं पूर्ण नाव घाला, 'सर्व कागदपत्रे' असं मोघम नको.

1 नोव्हेंबर 1956 पूर्वीचं काही शोधत असाल तर बंगळुरूच्या आधी मुंबई गाठा. तोवर बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे तेव्हाचा राज्य सरकारचा पत्रव्यवहार फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शोधावा लागतो. बळवंत नागेश दातार निवडून आले ती पहिली लोकसभा निवडणूक त्याच काळातली.

पुढाऱ्याची पत्रं, डायऱ्या, भाषणांची टिपणं, पत्रकं हे खासगी कागद. कुटुंबाने एखाद्या संस्थेला दिले असतील तरच ते पाहायला मिळतात. दिल्लीत जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीन मूर्ती भवनातलं प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय ही दोन मोठी ठिकाणं. जाण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नाव शोधा. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेने घालून बघा.

सोबत त्या संस्थेचा भरलेला अर्ज, ओळखपत्र, फोटो आणि अभ्यासाचं कारण सांगणारं पत्र ठेवा. विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांचं शिफारसपत्र घ्यावं. वाचनकक्षात पेन्सिलच चालते, पेन बाहेर. देणाऱ्या कुटुंबाने अट घातली असेल तर काही फायली बंद असतात, आणि छापायचं असेल तर परवानगी वेगळी लागते.

आणि ट्रंक तुमच्याच घरात असेल तर? लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. प्रत्येक कागदाचा फोटो काढा, तारीखवार यादी करा आणि संस्थेला पत्र लिहून मूळ कागद द्यायची तयारी कळवा. काय आत्ता खुलं करायचं आणि काय पुढे, हे त्याच पत्रात लिहा. आमची यादी सध्या 41 व्या कागदावर आहे.