बटणांच्या वाटेने

कोकणात नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम दोन दिशांनी आले. चाकरमान्यांच्या बॅगेतून आले ते मुंबईचे, एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याच्या थापा मारणारे. दुबई, मस्कत, कुवेतहून आलेल्या खोक्यांतून, टँगचे डबे आणि अत्तराच्या बाटल्यांच्या सोबतीने आले ते अस्सल जपानी. या दुसऱ्या जातीतली एक वस्तू अलीकडे रत्नागिरीत एका स्नेह्यांच्या माळ्यावरून खाली उतरली. करडी, कॅसेटसारखीच, पण डोक्यावर खाच असलेली. म्हणजे कॅसेटमध्ये घालायला आणखी एक कॅसेट! ती कशासाठी, हे घरात कोणालाच आठवेना.

तो होता ‘सुपर गेम बॉय’, निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९४ साली काढलेला. टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेन्डोमध्ये तो खोचायचा, वरच्या खाचेत गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राची कॅसेट घालायची, की तळहातावरचा गेम टीव्हीवर हजर.

मोठं यंत्र छोट्या यंत्राची नक्कल करत असेल असं वाटतं, पण तसं काही नाही. गेम बॉयचा प्रोसेसर आणि मेमरी त्या करड्या डबीत अख्खी बसवलेली आहे. नाहीत ते फक्त पडदा आणि बटणं. आपल्यापुढे पडदाच नाही याचा त्या प्रोसेसरला पत्ता नसतो. तो नेहमीसारखा १६० × १४४ ठिपक्यांचं चित्र, चार छटांत, सोडत राहतो. वाटेत एक चिप ते ठिपके पकडते आणि त्यांच्या ८ × ८ च्या फरश्या पाडते. एका चित्राच्या ३६० फरश्या होतात, सेकंदाला जवळजवळ साठ चित्रं. सुपर निन्टेन्डो त्या उचलतो आणि आपल्या २५६ × २२४ च्या चित्रात मधोमध बसवतो. कडेला उरलेल्या जागेत रंगीत महिरप.

घड्याळाची मात्र गडबड झाली. गेम बॉयचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४१.९ लाख ठोक्यांवर चालतो. सुपर गेम बॉयमध्ये वेगळं घड्याळ बसवायचा खर्च वाचवला आणि मोठ्या यंत्राच्या ठोक्यांना पाचाने भागून काम भागवलं. अमेरिकी-जपानी यंत्रांत हा भागाकार येतो ४२.९५ लाख, म्हणजे २.४ टक्के जास्त. गणपतीत वाजणारा टेप जरा जोरात फिरला की लयही वाढते आणि आवाजही चढतो, तसंच इथे होतं. स्वर किती चढतो? सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा कमी. तयार कानाला ते लगेच खटकतं. तासाभराचा खेळ दीडेक मिनिट आधी संपतो, त्यामुळे वेळेच्या शर्यती खेळणाऱ्यांत यावरून वाद झाले नसते तरच नवल. १९९८ साली फक्त जपानात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र घड्याळ घालून ही चूक दुरुस्त केली.

खरी गंमत पुढे आहे. टीव्हीवर कुठले रंग वापरायचे, महिरप कोणती लावायची, हे गेमने मोठ्या यंत्राला कळवायचं कसं? गेम बॉय १९८९ सालचा, टीव्हीशी बोलायला त्याला तोंडच दिलेलं नाही. पण बटणं तर वाचावी लागतात. आठ बटणांचे दोन गट करून प्रोसेसर दोन तारांवरून आळीपाळीने विचारतो: दिशांची कोणती दाबली आहेत? बाकीची कोणती? निन्टेन्डोच्या मंडळींनी याच दोन तारा कामाला लावल्या. एका तारेवर ठोका आला तर शून्य, दुसरीवर आला तर एक. अशा ठोक्यांतून १६ बाइट्सचा एकेक निरोप पोचतो. तोच गेम साध्या गेम बॉयमध्ये घातला तर या ठोक्यांचा अर्थ एवढाच की कोणीतरी घाईघाईने बटणं तपासतंय. त्याने बिघडत काहीच नाही.

महिरपीसारखा मोठा ऐवज मात्र १६-१६ बाइट्सने कधी पोचणार? मग गेम ती माहिती चक्क चित्र म्हणून पडद्यावर काढतो. टीव्हीवरचं दृश्य तेवढ्यापुरतं गोठवायचं, मागे अगम्य ठिपक्यांचं चित्र उमटू द्यायचं आणि सुपर गेम बॉयने ते पकडून ४ किलोबाइट माहिती म्हणून वाचायचं. खेळणाऱ्याला फक्त क्षणभर थबकल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर सगळ्या जोडयंत्रांत यापेक्षा बेरकी युक्ती नाही.

बटणांची ही वाट पुढेही सुटली नाही. निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी १९९८ साली जपानात ‘ट्रान्सफर पॅक’ आला तो कंट्रोलरच्या, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या साधनाच्या, पोटात खोचायचा. त्यात पोकेमॉनची गेम बॉय कॅसेट घातली की आपण पाळलेले प्राणी टीव्हीवरच्या आखाड्यात. माहिती जायची ती बटणांचे निरोप नेणाऱ्या कंट्रोलरच्या वायरनेच, एका वेळी ३२ बाइट्स. जतन केलेला खेळ असतो ३२ किलोबाइटचा, म्हणजे तो पुरता वाचायला १,०२४ खेपा!

यात सांधे आले तीन: कॅसेट आणि पॅक, पॅक आणि कंट्रोलर, कंट्रोलर आणि यंत्र. आपल्या खाऱ्या, दमट हवेत यातला एखादा दगा देतोच. संपर्काच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून मीठ आणि ओल खालच्या तांब्यापर्यंत पोचते आणि वर गंज साचतो. फुंकर मारायची आपली सवय वाईट, कारण फुंकरीबरोबर तोंडातली ओलही जाते. खोडरबरने घासलं तर मुलामाच निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा फिरवावा, सुकू द्यावं, मग जोडावं.

निन्टेन्डोचं टीव्हीचं यंत्र गेमक्यूब आणि हातातलं गेम बॉय ॲडव्हान्स यांना जोडणारी केबलही गेमक्यूबवर कंट्रोलर जोडायच्याच भोकात जायची. इथे हातातल्या यंत्रात कॅसेट नसली तरी चालायचं. कॅसेट न दिसल्यास वायरवरून प्रोग्रॅम येतो का याची वाट बघण्याची सोय गेम बॉय ॲडव्हान्समध्ये कारखान्यातच भरलेली होती. टीव्हीकडचं यंत्र २५६ किलोबाइटपर्यंतचा छोटा गेम पाठवायचं, तो थेट मेमरीत उतरायचा आणि हातातलं खेळणं एकदम खासगी पडदा असलेला कंट्रोलर बनायचं. टीव्हीवर सगळ्यांना दिसणारं मैदान, हातात फक्त आपल्याला दिसणारी गुहा. कल्पना झकास, पण चौघांनी खेळायचं तर चार यंत्रं आणि चार केबली. कोण एवढं विकत घेणार?

सेगाच्या ड्रीमकास्टने (१९९८) छोटं यंत्र सरळ कंट्रोलरमध्येच बसवलं: ४८ × ३२ ठिपक्यांचा पडदा असलेलं मेमरी कार्ड, बाहेर काढून खेळता येणारं. त्यातले नाण्याएवढे दोन सेल भराभर संपायचे आणि संपले की ड्रीमकास्ट चालू करताच ते कार्ड किंचाळायचं.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचमध्ये ही निरोपानिरोपीच उरली नाही, कारण हातातलं आणि टीव्हीचं यंत्र एकच. ज्या डॉकमध्ये ते उभं करतात त्यात गेमचा प्रोसेसर नसतो. तो वीज पुरवतो आणि चित्र टीव्हीच्या वायरीत घालतो. बदलतो तो वेग. टीव्हीवर १९२० × १०८० पर्यंतचं चित्र लागतं, हातातल्या पडद्याला १२८० × ७२० पुरतं, म्हणजे ठिपक्यांत सव्वादोन पटींचा फरक. म्हणून डॉकमध्ये चित्र काढणारी चिप ७६८ मेगाहर्ट्झवर पळते आणि हातात घेतल्यावर ३०७.२ पर्यंत खाली येते, नाहीतर बॅटरी बघता बघता संपेल आणि हाताला चटके बसतील. पावसात ऐन रंगात वीज गेली तर स्विच डॉकमधून उचलायचा. टीव्ही बंद, गेम तिथूनच पुढे.