फोन उघडून गुण देण्याची पार्श्वभूमी

इंदूरला राजवाड्याजवळच्या जेल रोडवर बॅटरी बदलायला गेलं की कारागीर आधी मॉडेल विचारतो, मग मजुरी सांगतो. एका फोनला 'बैठो, अभी देता हूँ', तर दुसऱ्याला 'शाम को आना, भिया'. बॅटरी दोन्हीकडे साधारण एकाच किमतीची असते. मजुरीत फरक पडतो तो बॅटरीपर्यंत पोचायला काय काय काढावं लागतं, त्यामुळे. आज युरोपात फोनच्या लेबलावर छापलं जाणारं दुरुस्तीचं अक्षर मुळात हाच हिशेब आहे. तो कागदावर यायला मात्र वीसेक वर्षं लागली.

२००३ सालच्या नोकिया ११०० ला असा हिशेब लागतच नव्हता. मागचं झाकण अंगठ्यानं सरकवायचं की बीएल-५सी बॅटरी हातात. आणखी आत जायचं तर टी-६ चा (चांदणीच्या टोकाचा) एक पेचकस पुरे. ऑगस्ट २००७ मध्ये याच बॅटरीच्या ४ कोटी ६० लाख नगांबाबत नोकियानं तापण्याचा इशारा दिला. लोकांनी घरीच झाकण काढून मागचा क्रमांक तपासला आणि बॅटरी बदलून घेतली. बॅटरी चिकटवलेली असती तर एवढे फोनच परत बोलवावे लागले असते.

त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, २९ जून २००७ ला, अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला होता. त्याची बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली होती. पुढच्या वर्षीच्या आयफोन ३जी मध्ये कनेक्टर आला, पण पाठ बंद ती बंदच. उपकरणांच्या दुरुस्तीची माहिती देणारी आयफिक्सिट ही कंपनी तोवर मैदानात होती. काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये ती सुरू केली, कारण बिघडलेल्या आयबुकचं (ॲपलच्या लॅपटॉपचं) मॅन्युअल त्यांना कुठेच मिळेना. नवा फोन आला की तो उघडायचा, पायरीपायरीचे फोटो द्यायचे आणि शेवटी दहापैकी गुण (दुरुस्ती जितकी सोपी तितके जास्त), ही पद्धत त्यांनी रूढ केली. आयफोन ४ च्या तळाशी साध्या फिलिप्स स्क्रूच्या जागी पाच पाकळ्यांचे पेंटालोब दिसू लागले, तेव्हा बोभाटा झाला तोही त्यांच्यामुळेच. अर्थात पेंटालोबचा पेचकस बाजारात यायला वेळ लागला नाही. स्क्रूनं कारागीर फार दिवस अडत नाही. खरा अडसर गोंदाचा.

सॅमसंगच्या तीन फोनांत हे स्वच्छ दिसतं. गॅलेक्सी एस४ ला आयफिक्सिटनं ८ गुण दिले. २०१४ च्या एस५ चं झाकणही नखानं निघायचं, तरी गुण ५ च, कारण बॅटरी सोडून आतल्या कुठल्याही भागाकडे जायचं तर आधी चिकटवलेला डिस्प्ले सोडवावा लागे. पाठ उघडते म्हणजे फोन दुरुस्तीला सोपा, हा समज तिथेच मोडला. २०१५ च्या एस६ ला काचेची पाठ आली आणि बॅटरी मधल्या फ्रेम व मदरबोर्डच्या खाली गेली. गुण ४.

असा फोन उघडताना बॅटरी आधी २५ टक्क्यांखाली उतरवतात, म्हणजे उचकटायचा पातळ पत्रा चुकून तिच्यात भोसकला गेलाच तरी भडका कमी. सिम ट्रे काढून ठेवायचा, नाहीतर बोर्ड उचलताना तो अडतो. कडा साधारण ८० अंशांपर्यंत तापवायच्या, सक्शन कपानं फट पाडायची आणि पातळ प्लास्टिकची पट्टी कडेकडेनं फिरवायची. डिस्प्लेच्या बाजूनं पट्टी खोल गेली तर काच शाबूत राहते आणि खालचं पॅनेल मरतं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. ते राहिलं आणि डिस्प्लेची केबल काढली-लावली, तर बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्याच्या) वाटेवरचं फिल्टर जळतं आणि दोष नव्या फोल्डरवर, म्हणजे डिस्प्लेच्या सुट्या संचावर, जातो. बॅटरीखालची ताणून काढायची टेप तुटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून थांबायचं. पत्र्यानं उचकटू नये. वाकलेली बॅटरी परत वापरायची नाही. स्क्रू ज्या जागेचा त्या जागी ठेवायचा, कारण अर्ध्या मिलिमीटरनं जास्त लांब स्क्रूही बोर्डातले ट्रेस, म्हणजे तांब्याच्या बारीक वाटा, कापतो, आणि तो फोन मग बहुधा हाती लागत नाही.

तिसरा अडसर पेचकसाला दिसतच नाही. २०१६ मध्ये कंपनीबाहेर होम बटण बदललेले आयफोन अपडेटनंतर 'एरर ५३' दाखवून बंद पडले. ओरड झाल्यावर ॲपलनं ते सुरू करून दिले. पुढे सुटे भाग बोर्डाशी सॉफ्टवेअरनं जोडण्याची चालच पडली. आयफोन १४ ची रचना उघडायला इतकी सोपी होती की त्याला आयफिक्सिटकडून आधी ७ गुण मिळाले. वर्षभरानं, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याचे ४ केले. फोन तोच होता, पण अस्सल भाग बसवूनही कंपनीच्या मंजुरीशिवाय तो पूर्ण चालत नव्हता. गुण मागे घ्यायला हिंमत लागते, आणि तो निर्णय योग्यच होता.

सरकारं उशिरा आली. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून दुरुस्तीचा दहापैकी निर्देशांक सक्तीचा केला. त्यात उघडण्याच्या सोपेपणाइतकंच वजन सुट्या भागांच्या किमतीला होतं. युरोपीय संघाचं ए ते ई अक्षर २० जून २०२५ ला आलं. त्यात सर्वाधिक, म्हणजे २५ टक्के, वजन भागापर्यंतच्या पायऱ्यांना आहे. एखादा भाग निघाला किंवा हत्यार बदललं की एक पायरी. स्क्रू व गोंदाचा प्रकार, हत्यारं, सुटे भाग, अपडेट आणि माहिती यांना प्रत्येकी १५ टक्के. विक्री थांबल्यावरही सात वर्षं भाग पुरवणं बंधनकारक आहे.

भारतात ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं. मे २०२५ मध्ये निर्देशांकाच्या चौकटीचा अहवाल आला: दुकानात, ऑनलाइन विक्रीत आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये गुण दिसावेत, आणि ते कंपनीनं स्वतःच जाहीर करावेत. परीक्षार्थ्यानंच पेपर तपासायचा, असा हा प्रकार. पायऱ्यांची मोजणी कोणालाही पडताळता यावी, एवढी तरी अट हवी.

गोंदाची गोष्ट मात्र थोडी पुढे सरकली आहे. सप्टेंबर २०२४ च्या आयफोन १६ मध्ये बॅटरीखालचा गोंद विजेनं सुटतो. दोन टोकांना ९ व्होल्ट लावले की साधारण दीड मिनिटात बॅटरी मोकळी, ना हीट गन ना अल्कोहोल. जेल रोडवर त्यासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. बहुतेक मल्टिमीटरांत बसते ती चौकोनी बॅटरी चालते.