पार्श्वभूमी: पंधरा आणे गोरी, तरी गुलाम

'पडनहेड विल्सन' ही मार्क ट्वेनची १८९४ची कादंबरी वाचताना आपण पहिल्यांदा अडतो ते रॉक्सीपाशी. खिडकीबाहेरून आधी नुसतं तिचं बोलणं ऐकू येतं, सगळं गुलामांच्या बोलीतलं, आणि मग कळतं की बाई दिसायला चक्क गोरी आहे. सोळातला एक हिस्सा काळा. आपल्या जुन्या हिशोबाने पंधरा आणे गोरी, एक आणा काळी, तिचं पोर तर अर्धाच आणा, तरी दोघंही विकता येतील असे गुलाम.

इथे बरेच जण 'एका थेंबाचा नियम' (काळ्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळाच) लिहून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. गोष्टीतल्या गावचे बडे लोक अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून आलेले, आणि व्हर्जिनियात तेव्हा दोन वेगळे हिशोब चालायचे. १६६२च्या कायद्याने आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. इंग्लंडात मूल बापाच्या मागे जायचं, ते इथे मुद्दाम उलटं केलं, म्हणजे मालकाची स्वतःची पोरंही त्याच्या मालमत्तेत जमा व्हायची. रंगाचा हिशोब निराळा. १७८५च्या कायद्यात चार आणे किंवा जास्त काळं रक्त असेल तरच माणूस 'मुलाटो', म्हणजे काळ्या-गोऱ्या मिश्र रक्ताचा. म्हणजे रॉक्सी त्या व्याख्येत बसतच नव्हती, गुलाम मात्र होतीच! हे लक्षात घेतलं नाही तर तिने पाळण्यातच आपलं पोर आणि मालकाचं पोर यांची अदलाबदल करणं ही नुसती कथेतली युक्ती वाटते.

थेंब व्हर्जिनियाच्या कायद्यात आला १९२४ला, गुलामगिरी संपून साठेक वर्षं झाल्यावर. त्याआधी १८९६ला सुप्रीम कोर्टाने रेल्वेत वेगळे डबे करणारा लुइझियानाचा कायदा उचलून धरला होता, त्या केसमधला माणूस दोन आणे काळा. १९२४च्या कायद्यात मूळ अमेरिकन रक्त मात्र एका आण्यापर्यंत माफ, कारण जुनी गोरी घराणी स्वतःला एका मूळनिवासी राजकन्येचे वंशज म्हणवायची. त्याच कायद्यातली गोऱ्यांनी इतर वंशात लग्न करण्यावरची बंदी कोर्टाने १९६७ला रद्द केली, आणि जनगणनेत एकाहून जास्त वंश नोंदवायची सोय थेट २०००ला.

कादंबरीत निकाल लागतो बोटांच्या ठशांवर, तेव्हा ही विद्या अगदी नवी. ठशांवरून पोर कुठलं ते कळतं, रंग कळत नाही. खरा वारस सुटतो, पैसेवाला होतो, पण त्याला लिहिता-वाचता येत नाही, तोंडात बोली गुलामांचीच, गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जीव घाबराघुबरा होतो आणि बरं वाटतं ते फक्त स्वयंपाकघरात.