रस्ता घरात येतो तो फटीतून

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांची रात्र ट्रकच्या हिशेबाने चालते. दिवसा अडवून ठेवलेली अवजड वाहनं रात्री उशिरा सुटतात. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर एकामागून एक गायमुखच्या दिशेने जातात आणि चौथ्या मजल्यावरची आमची तावदानं थरथरतात. आईची खोली नेमकी रस्त्याच्या बाजूला आहे. तिला नीट झोप लागावी म्हणून आम्ही जुनी खिडकी काढून डबल काचेची नवी सरकती खिडकी बसवली. विकणाऱ्याने "आवाज पूर्ण बंद" असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "हॉर्न जरा लांब गेले गं, पण ट्रक अजून उशाशीच आहेत."

मी वाचायला, मोजायला, विचारायला लागले ती या वाक्यामुळे. पुढे कळलं की आईच्या कानांनी ध्वनिशास्त्र अगदी बरोबर टिपलं होतं.

आधी डेसिबलबद्दल थोडं, कारण खिडक्यांच्या सगळ्या जाहिराती त्याच भाषेत असतात. डेसिबल ही गुणाकाराची मोजपट्टी आहे. १० डेसिबल अडवणं म्हणजे ध्वनीची ९० टक्के ऊर्जा बाहेर ठेवणं. २० डेसिबल म्हणजे ९९ टक्के, आणि ३० डेसिबल म्हणजे हजारातला फक्त एक भाग आत येऊ देणं. कानाला मात्र १० डेसिबलची घट 'आवाज साधारण निम्मा झाला' इतकीच जाणवते. म्हणून शांतता हवी असेल तर फार मोठा हिस्सा अडवावा लागतो.

आता चार फूट बाय चार फुटांची खिडकी घ्या. तिच्या चारी कडांना फक्त ३ मिलिमीटरची फट आहे असं समजा. चारी कडा मिळून ४.८ मीटर, म्हणजे फटीचं क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर. अख्ख्या खिडकीचं १४,४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे फट भरली बरोबर एक टक्का. आता काचेऐवजी तिथे लोखंडाचा जाड पत्रा बसवला आणि त्यातून काहीच आत येत नाही असं मानलं, तरी या एक टक्क्यातून एक टक्का ऊर्जा येतच राहणार. म्हणजे ती खिडकी २० डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही. रस्त्यावर ७० डेसिबल असतील तर उशाशी ५० राहणारच. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा काचेवर घातलेल्या पैशांचं मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये सरकत्या खिडक्या असतात. जागा वाचते, ग्रिल आडवी येत नाही, पाऊस-वाऱ्यात शटर आपटत नाही. त्यांची सोय मला मान्यच आहे. पण शटर सरकायचं तर त्याला थोडी ढिलाई द्यावीच लागते. म्हणून कडांना घट्ट रबराऐवजी केसाळ ब्रशची पट्टी लावतात. ती धूळ बरीच अडवते, हवा अडवत नाही, आणि हवा जाते तिथून आवाज जातो. दोन शटर मध्ये एकमेकांवर येतात तिथे उभी फट असते. खालच्या ट्रॅकला पावसाचं पाणी निघून जायला भोकं पाडलेली असतात, आणि कोकणपट्टीत ती बुजवून चालत नाही. याउलट दारासारखी उघडणारी खिडकी बंद करताना तिचं शटर चौकटीतल्या रबरावर चारी बाजूंनी दाबलं जातं. दोन-तीन ठिकाणी अडकणारं कुलूप असेल तर तो दाब सगळीकडे सारखा राहतो. काच अगदी तीच ठेवून फक्त खिडकीचा प्रकार बदलला, तरी फरक कानाला कळतो.

घरची फट शोधायला उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी खिडकी बंद करायची, पंखा थांबवायचा आणि पेटती उदबत्ती कडेकडेने हळूहळू फिरवायची. धूर जिथे वाकडा होतो तिथे रस्ता आत येतोय. आमच्याकडे धूर सगळ्यात जास्त हलला तो शटरजवळ नाही, तर चौकट आणि भिंत यांच्या सांध्याशी. वरून सिलिकॉनची सुबक रेघ, ती एका कोपऱ्यात सुटलेली, आणि मागे पोकळी. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोकही असंच अर्धवट बुजवलेलं निघालं. हे दोन्ही आम्ही सिमेंट भरून बंद केलं. सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत गुणाचं काम हेच ठरलं.

फटी बुजल्या की मग काचेचा विचार करण्यात अर्थ आहे. आवाज अडवण्यात पहिला गुण वजनाचा. काचेचा १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो. वजन दुप्पट केलं की आदर्श स्थितीत ६ डेसिबलची भर पडते, प्रत्यक्षात थोडी कमीच. जुन्या वाड्यातली सागवानी झडप इंचभर जाड असेल तर चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते, म्हणजे ६ मिलिमीटरच्या काचेइतकीच.

पण वजन वाढवत नेलं की दुसरी अडचण उभी राहते. प्रत्येक जाडीच्या काचेला आवाजाची एक नाजूक पट्टी असते. त्या कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेला, ध्वनी काचेतल्या लहरींशी जुळतो आणि काच त्याला सहज वाट देते. ६ मिलिमीटरच्या काचेत ही पट्टी २००० हर्ट्‌झच्या आसपास येते. हॉर्नमधली कर्कश धार आणि ब्रेकची किंचाळी अशाच पट्टीत असते, आणि आपले कानही तिथे फार तीक्ष्ण असतात. यावर उपाय म्हणजे लॅमिनेटेड काच. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा चिवट पडदा चिकटवलेला असतो आणि तो काचेची थरथर स्वतःत जिरवतो. मोटारीच्या पुढच्या काचेत असतो तोच हा प्रकार. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक चंबू पडला, तडकला, पण आतल्या वाळलेल्या थरामुळे विखुरला नाही. त्यावरून सुचलेल्या काचेचं पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतलं. तुकडे उडू नयेत म्हणून शोधलेली वस्तू आज झोपेच्या कामी येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि आता आईचे ट्रक. डबल काचेच्या खिडकीत बहुधा ६ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिलिमीटर हवा असते. ती कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. दोन वजनं आणि मध्ये स्प्रिंग अशी रचना एका ठरावीक कंप्रतेला झोके घेऊ लागते, आणि या खिडकीसाठी ती येते सुमारे २०० हर्ट्‌झवर. डिझेल इंजिनाची घरघर याच मुलखातली. त्या पट्टीत डबल काच एकेरी काचेपेक्षाही दुबळी ठरू शकते. वरच्या पट्टीतले हॉर्न मात्र ती बऱ्यापैकी अडवते. हॉर्न लांब गेले आणि ट्रक उशाशी राहिले ते यामुळे. काचांमधलं अंतर १२ ऐवजी १०० मिलिमीटर केलं तर हा झोका ७० हर्ट्‌झच्या आसपास उतरतो, आणि ट्रकच्या आवाजाचा बराचसा भाग त्याच्या वर राहून अडवला जातो.

मग डबल काच एवढी खपते कशी? ती मुळात थंडीची वस्तू आहे. बाहेर शून्य अंश आणि आत वीस असताना रात्रभर बाहेर जाणारी उष्णता ती जवळजवळ निम्मी करते. युरोपात किंवा लडाखमध्ये तिचं मोल मोठं आहे. ठाण्यात हिशेब वेगळा. एसी चालू असताना आत-बाहेर १० अंशांचा फरक धरला, तर आमच्या मापाच्या एकेरी काचेतून सुमारे ८० वॅट उष्णता आत येते, डबल काचेतून ४०. वाचले ४० वॅट. पण पश्चिमेच्या खिडकीवर एप्रिलच्या दुपारी चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडत असेल, तर साध्या काचेतून ७०० वॅटच्या आसपास ऊन थेट खोलीत येतं. ते अडवायला ऊन परतवणारा लेप असलेली काच, आणि त्याहून चांगलं म्हणजे बाहेरच्या बाजूला चिक किंवा खोल छज्जा. आतला पडदा ऊन काचेच्या अलीकडे आल्यावर अडवतो, म्हणून तो कमी पडतो. भारत सरकारच्या २०१८ च्या 'इको-निवास संहिते'त घरात बाहेरून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे, आणि मुंबई-ठाण्यासारख्या उष्ण-दमट हवामानात उघडता येण्याजोग्या खिडक्या मिळून घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असाव्यात असंही म्हटलं आहे. ही दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते. खिडकी घट्ट मिटवून बसणं हे आपल्या हवेत बारा महिने जमणारं काम नाही. उघड्या खिडकीतून आवाज जेमतेम १० ते १५ डेसिबल कमी होतो, हे खरं. पण हवा न बदलणारी खोली कोंदट होते, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते.

शेवटी आम्ही डबल काच तशीच राहू दिली. आतल्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर चार इंच जागा होती. तिथे लॅमिनेटेड काचेची, रबरावर दाबून बसणारी आणि आत उघडणारी दुसरी खिडकी बसवून घेतली. रात्री आई ती लावते, सकाळी साडेपाचला उघडते. हवेसाठी रात्रभर मागच्या चौकाकडची स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते आणि तिच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं.

आठवड्याने मी विचारलं, ट्रक कुठवर गेले? "रस्त्यावर गेले," ती म्हणाली. "पण आता बाथरूममधून कुत्री ऐकू येतात." तेही बरोबरच आहे. तिथली काचपट्ट्यांची झडप कायम उघडी असते, आणि ट्रकच्या आवाजाखाली तिच्याकडे आजवर कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. या रविवारी तिचं माप घेणार आहे.